हायपो शून्य आलेल्या फिल्मचं प्रकरण

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका जुन्या इंजिनिअरिंग कारखान्याचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी ट्रस्ट होता. सरकारी पीएफ ऑफिसकडून सूट मिळालेला, स्वतःचे हिशेब स्वतः ठेवणारा. त्या ट्रस्टकडच्या मायक्रोफिशचं, म्हणजे लेजरची पानं अगदी लहान करून उतरवलेल्या फिल्मच्या पत्र्यांचं, हे प्रकरण. कारखाना, ट्रस्ट, ब्युरो, माणसं यांपैकी कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जुने अभिलेख सांभाळण्याच्या कामातला सल्लागार म्हणून मला मधेच बोलावलं गेलं. त्याआधीचं जे लिहिलं आहे ते ट्रस्टच्या फायलींवरून आणि तिथल्या लोकांच्या सांगण्यावरून.

पार्श्वभूमी

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं तेव्हा कारखाना सुरक्षित होता, पण कंपनीचं ऑफिस नदीकाठच्या एका पेठेत होतं. तळमजल्यावरची पगाराची आणि फंडाची रजिस्टरं चिखलात गेली. कामगारांच्या घरच्या पावत्या आणि वह्या गोळा करून ती पुन्हा उभी करावी लागली. त्या अनुभवावरून विश्वस्तांनी ठरवलं, की फंडाच्या प्रत्येक लेजरची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवायची. मग हातानं लिहिलेल्या लेजर कार्डांचे कॅमेऱ्यानं फोटो घेऊन मायक्रोफिल्मचे रोल तयार झाले. ही नेहमीची सिल्व्हर-जिलेटिन फिल्म होती. डेव्हलपर, मग हायपो (न वापरलेली चांदी काढून टाकणारं फिक्सर रसायन), मग भरपूर पाण्यात धुणं, अशी तिची रीत.

सत्तरच्या दशकात कारखान्यात ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटरचा, विभाग आला आणि लेजर कॉम्प्युटरवर गेली. वर्षअखेरीस सगळ्या सभासदांचे खाते-उतारे १३२ कॉलमच्या कंटिन्युअस स्टेशनरीवर छापायला घेतले की लाइन प्रिंटर दिवसरात्र खडखडायचा. त्या गठ्ठ्यांना जागा कुठली द्यायची हा दर वर्षीचा वाद. त्यावर उपाय म्हणून १९८०च्या सुमारापासून वर्षअखेरीची चुंबकीय टेप मुंबईतल्या एका ब्युरोकडे जाऊ लागली. तिथलं यंत्र टेपवरचा मजकूर कागदावर न छापता थेट फिल्मवर उतरवायचं. या तंत्राला कॉम्प्युटर आउटपुट मायक्रोफिल्म, थोडक्यात कॉम, म्हणतात. मजकूर ४८ पट लहान केला की १०५ गुणिले १४८ मिलिमीटरच्या एका फिशवर, म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या पारदर्शक पत्र्यावर, प्रिंटरची २७० पानं बसतात. वरच्या कडेला नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल असं शीर्षक आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात अनुक्रमणिकेची चौकट: अमुक खाते क्रमांक अमुक ओळीत, अमुक रकान्यात. एक खोली भरणारं लेजर दोन-चार ट्रेमध्ये मावू लागलं. हे पुढे १९९२ पर्यंत चाललं.

ब्युरो प्रत्येक फिशचे दोन नग द्यायचा: एक मूळ आणि एक डायझो प्रत. डायझो रोजच्या वापराला रीडरच्या, म्हणजे फिश मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राच्या, टेबलावर आणि मूळ लोखंडी कपाटात. योजना चांगली होती. ट्रस्टच्या नोंदवहीत मूळ संचापुढे शेरा होता, ‘मायक्रोफिल्म, सिल्व्हर, कायमस्वरूपी’. यातला एकही शब्द धडधडीत खोटा नव्हता, म्हणून तीस-पस्तीस वर्षं कुणी त्यावर बोट ठेवलं नाही.

नंतर कारखान्याच्या जमिनीचा मोठा भाग विकला गेला आणि कपाटांसकट सगळं दफ्तर चाकणच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये गेलं.

अडचण

दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. ट्रस्टनं सूट सोडून सगळी खाती ईपीएफओकडे, म्हणजे सरकारी पीएफ ऑफिसकडे, सोपवायचं ठरवलं, आणि निवृत्त कामगारांचे पेन्शनचे अर्ज वाढले. आजची पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. त्याआधी १९७१ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना होती. तिच्यात कामगाराच्या पगारातून १.१६ टक्के कापले जायचे आणि तेवढेच मालक घालायचा. त्या योजनेत जो सभासद होता त्याला आधीच्या नोकरीचाही लाभ मिळतो, पण तो सभासद होता हे दाखवावं लागतं. पैसे त्या काळी सरकारकडे भरले गेले होते. कुणाच्या नावावर किती कापले, हे मात्र लेजरच्या एका रकान्यातच होतं. कामगारांच्या, आणि त्याहून जास्त त्यांच्या विधवांच्या, हातात वार्षिक स्लिपा क्वचितच उरलेल्या. ऐंशीच्या दशकापुरता पुरावा म्हणजे ही फिशच.

डायझो संच काढला तर निम्मा गहाळ आणि उरलेला फिका. डायझोची प्रतिमा रंगद्रव्याची असते आणि उजेडात ती उडते. रीडरचं टेबल वर्षानुवर्षं खिडकीशी होतं, त्यामुळे यात आश्चर्य नव्हतं. मग मूळ संच उघडला. जिथे पारदर्शक पार्श्वभूमीवर काळी अक्षरं असायला हवी होती, तिथे पार्श्वभूमी तपकिरी झाली होती. अक्षरं होती, पण आजूबाजूचं गडद झाल्यानं ती उठून दिसत नव्हती. काही फिश चांगल्या, काही मध्यम, तर एका ट्रेमधल्या वरच्या कडेपासून निम्म्यापर्यंत काळवंडलेल्या. आणि एक विचित्र गोष्ट: काही फिशवर एकच चौकट शेजारच्या चौकटींपेक्षा ठळकपणे गडद होती. कडा सरळ, आकार बरोबर एका पानाएवढा. डाग असा चौकोनी पडत नाही.

पहिलं निदान

ट्रस्टनं स्कॅनिंगचं काम करणाऱ्या एका एजन्सीला बोलावलं. त्यांचं म्हणणं असं, की फिल्म नीट धुतलेली नाही, हायपो राहिला आहे, म्हणून ती तपकिरी पडते. पुन्हा फिक्स करून धुऊन घ्या, मग स्कॅन करू. ओल्या प्रक्रियेच्या फिल्मबद्दल हा अंदाज अजिबात वेडगळ नाही. अपुरं फिक्सिंग आणि अपुरं धुणं यांनी फिल्म खरोखर अशीच बिघडते.

ट्रस्टच्या सचिवांनी शहाणपणा केला आणि आधी तपासणी मागितली. एक न लागणारी फिश प्रयोगशाळेत गेली. मिथिलीन ब्लू पद्धतीनं उरलेला हायपो मोजला. उत्तर आलं: शून्य.

बैठकीत या शून्याचा अर्थ काढला गेला तो असा, की धुणं उत्तम झालेलं आहे; मग डाग वरवरचे असणार; धुवायची गरज नाही, सरळ स्कॅनला द्या. या सबंध प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णयबिंदू मी हाच मानतो, कारण इथे योग्य चाचणीचं चुकीचं वाचन झालं. एक तर ही चाचणी फिल्म प्रोसेस झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची असते. उरलेल्या हायपोचं पुढे रूपांतर होत जातं, त्यामुळे चाळीस वर्षांच्या फिल्मवर तिचं उत्तर काही सांगत नाही. दुसरं म्हणजे, शून्य दोन कारणांनी येऊ शकतं. हायपो पूर्ण धुऊन गेला हे एक. हायपो कधी लागलाच नाही हे दुसरं. दुसऱ्या शक्यतेचं नाव कुणी घेतलं नाही, कारण ‘सिल्व्हर’ म्हटलं की टाकी, पाणी आणि हायपो आलेच, अशी सगळ्यांची समजूत होती.

फिल्म कुठली, हे कसं कळलं

एजन्सीशी करार करण्याआधी मला बोलावलं गेलं. चौकोनी गडद चौकट पाहून मला शंका आली होती, पण तिला आधार मिळाला तो ईडीपी विभागातल्या एका निवृत्त ऑपरेटरकडून. निगडीला राहणारे हे काका स्वतःच्या पेन्शनच्या कागदांसाठी ऑफिसात आले होते. टेपा घेऊन मुंबईला जायचं काम त्यांच्याकडे असे.

“काका, ब्युरोत फिल्म धुवायची टाकी पाहिल्याचं आठवतं का?”

“टाकी? तिथं नळसुद्धा नव्हता हो. इकडून टेप लावायची, तिकडून फिश बाहेर. हातात घेतली की गरम लागायची. डार्करूम-बिर्करूम काही नाही. आमच्या साहेबांना त्याचंच तर कौतुक होतं.”

कोरडी आणि गरम बाहेर येणारी फिल्म म्हणजे उष्णतेनं प्रोसेस होणारी सिल्व्हर फिल्म. अमेरिकेतल्या ३एम कंपनीनं ही साठच्या दशकात ‘ड्राय सिल्व्हर’ नावानं आणली आणि कॉमच्या यंत्रांत ती चांगली रुजली. तिच्या थरात मुख्य साठा असतो सिल्व्हर बेहेनेटचा, म्हणजे एका लांबलचक मेदाम्लाच्या चांदीच्या क्षाराचा. त्याच्या जोडीला थोडंसं प्रकाशसंवेदी सिल्व्हर हॅलाइड आणि त्याच थरात मिसळलेलं क्षपणकारक, म्हणजे क्षारातली चांदी मोकळी करणारं, द्रव्य. कॅथोड-रे नळीचा किंवा लेसरचा प्रकाश जिथे पडतो तिथे हॅलाइडवर चांदीचे सूक्ष्म कण तयार होतात. मग फिल्म काही सेकंद साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर तापवली, की त्या कणांच्या आधारानं बेहेनेटमधली चांदी मोकळी होते आणि अक्षर काळं दिसतं. पाणी नाही, रसायनांच्या टाक्या नाहीत, सांडपाणी नाही. मुंबईत जागा आणि पाणी दोन्ही मोजून वापरणाऱ्या ब्युरोला हे का आवडलं असेल ते समजतं.

मेख पुढे आहे. ओल्या प्रक्रियेत फिक्सर न वापरलेली चांदी काढून टाकतो आणि तिथे काम संपतं. कोरड्या फिल्ममध्ये काहीच काढलं जात नाही. ज्या भागावर अक्षर उमटलेलं नाही तिथे बेहेनेट, हॅलाइड आणि क्षपणकारक तसेच राहतात, फक्त थंड झालेले. उजेड आणि उष्णता पुन्हा मिळाली की तेच काम पुढे चालू होतं, अर्थात फार सावकाश. या संचात अक्षरं काळी आणि पार्श्वभूमी कोरी होती, म्हणजे न वापरलेला सगळा साठा नेमका त्या पार्श्वभूमीत होता. शेडचा पत्रा आणि रीडरचा दिवा इतकी वर्षं डेव्हलपिंगच करत होते.

ज्यांना हे ऐकून चमत्कारिक वाटतं त्यांना मी सीटी स्कॅनच्या फिल्मची आठवण देतो. हॉस्पिटलमधून मिळणाऱ्या ड्राय लेझर फिल्मपैकी काही याच रसायनाच्या घराण्यातल्या. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेशी तिला विसरून पाहा.

तरी काकांच्या आठवणीवर सगळं सोडणं बरोबर नव्हतं. कपाटात ब्युरोनं सुरुवातीला नमुना म्हणून दिलेल्या, कुठल्याच खात्याच्या नसलेल्या काही फिश होत्या. त्यांच्यावर साध्या तपासण्या केल्या. पाण्याचा थेंब ठेवला तर सिल्व्हर-जिलेटिनचा थर फुगतो आणि चिकट होतो. इथे थेंब तसाच बसून राहिला, कारण कोरड्या फिल्मचा बांधणारा पदार्थ जिलेटिन नसून पॉलिव्हिनिल ब्युटिरल नावाचं प्लास्टिक असतं. तिरकस उजेडात कोऱ्या भागावर किंचित दुधाळपणा दिसला. तो न वापरलेल्या बेहेनेटच्या स्फटिकांचा. शेवटी एक पट्टी कापली, अर्धी काळ्या कागदात गुंडाळली, गच्चीवर उन्हात ठेवली आणि दोन कागदांमध्ये धरून तिच्यावर घरगुती इस्त्री फिरवली. उघडी बाजू बघता बघता काळी पडली. साठच्या दशकातल्या जुन्या रोलचा कोरा तुकडा त्याच इस्त्रीखाली जसाच्या तसा राहिला. सचिवांनी ती काळी पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या बैठकीला नेली आणि माझ्या अहवालापेक्षा तिनेच विश्वस्तांना जास्त पटवलं.

आता चौकोनी चौकटीही उलगडल्या. दिव्याखाली फिश लावून कुणीतरी चहाला गेलं असणार. काळवंडलेला ट्रे रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, थेट पत्र्याखाली होता.

इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण ती या फिल्मच्या बाजूनं आहे. त्याच शेडमध्ये ठेवलेल्या जुन्या, ‘खऱ्या’ ओल्या सिल्व्हर रोलना पावसाळ्यानं बुरशी लागली होती. जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाणं. कोरड्या फिशना बुरशीचा डागही नव्हता.

पर्याय

पुन्हा फिक्स करून धुण्याचा पर्याय तिथेच बाद झाला. राहिले चार.

पहिला, एजन्सीचा मूळ प्रस्ताव: सगळ्या फिश त्यांच्या हॅलोजन दिव्याच्या स्कॅनरमधून काळ्या-पांढऱ्या प्रतिमांत उतरवणं. स्वस्त आणि झटपट. पण ज्या कारणानं फिल्म बिघडली तोच तापणारा दिवा पुन्हा तिच्यावर. शिवाय काळी-पांढरी प्रतिमा म्हणजे प्रत्येक बिंदूला ‘काळा की पांढरा’ असा एकच निवाडा. पार्श्वभूमी आधीच तपकिरी असताना तो निवाडा अर्ध्या ठिकाणी चुकणार.

दुसरा, आधी सगळ्याची ओल्या सिल्व्हर फिल्मवर प्रत काढून मगच पुढे जाणं. आंतरराष्ट्रीय मानकांत ओल्या प्रक्रियेच्या पॉलिएस्टर बैठकीच्या सिल्व्हर-जिलेटिन फिल्मला ५०० वर्षांचं अपेक्षित आयुष्य धरलं आहे, तर कोरड्या फिल्मसाठी असलेल्या आयएसओ १८९१९ मध्ये १०० वर्षांचं, दोन्ही अर्थात साठवण नीट असेल तर. एका विश्वस्तांचा याच पर्यायावर भर होता. खर्च मोठा होता आणि असं काम करणारी प्रयोगशाळा आता सहज सापडत नाही.

तिसरा, स्कॅनिंग वगैरे काही न करता थेट रीडरवर वाचून माहिती टाइप करणं. म्हणजे प्रत्येक चौकट मिनिटभर दिव्याखाली. नको.

चौथा, फिल्म फक्त थंड जागी हलवणं आणि अर्ज येईल तसं एकेक खातं काढून देणं.

एकानं ‘फिल्म आहे ना, मग लॉ कॉलेज रोडला द्या’ असंही सुचवलं. पुण्यात फिल्म म्हटलं की राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयच डोळ्यांपुढे येतं. ते सिनेमाचं घर आहे, पीएफच्या लेजरचं नव्हे.

खरा वाद झाला तो क्रमावरून. अभिलेखाच्या कामात सर्वसाधारण शिस्त अशी, की जे सगळ्यात वाईट अवस्थेत आहे ते आधी वाचवायचं. सचिवांना ते मान्य नव्हतं.

“साहेब, फिल्म दोन महिने थांबेल. अर्ज केलेल्यांत काही पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत. ते थांबतील याची हमी कोण देणार?”

विचार केल्यावर रसायनशास्त्रही त्यांच्याच बाजूनं निघालं. हा बिघाड मुख्यतः उष्णतेचा. ओल्या फिल्ममध्ये वाईट फिक्सिंगचा दोष आतून पोखरत राहतो, तसं इथे नाही. फिल्म थंड आणि अंधारात गेली की जी काळी झाली ती तेवढीच राहते, पुढची वाटचाल जवळजवळ थांबते. म्हणजे आधी जागा बदलली तर क्रम माणसांच्या गरजेप्रमाणे लावायला हरकत नव्हती. अवस्थेप्रमाणे क्रम लावण्याची घाई फक्त शेडमध्ये होती.

काय केलं

कराराची वाट न पाहता सगळे ट्रे शहरातल्या ऑफिसच्या एका आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत आणले. हलवाहलव पहाटे केली, बंद टेम्पोत दुपारी नाही. खोलीत एसी लावून तापमान २१ अंशांच्या आसपास ठेवलं. सापेक्ष आर्द्रता २० ते ५० टक्क्यांत असावी असं मानक सांगतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये ५० च्या खाली राहणं नुसत्या एसीला जमत नाही, म्हणून डीह्युमिडिफायर घ्यावा लागला. एसीपेक्षा त्याच्या खरेदीलाच जास्त सह्या लागल्या. डायझो, कोरडी सिल्व्हर आणि जुने ओले रोल वेगवेगळ्या डब्यांत, आणि प्रत्येक डब्यावर फिल्मचा प्रकार लिहिलेला.

स्कॅनिंगच्या कराराच्या अटी नव्यानं लिहिल्या. प्रकाश एलईडीचा, फिश काचेवर फक्त प्रतिमा घेण्यापुरती, आणि प्रतिमा काळी-पांढरी नाही तर करड्या छटांची. रिझोल्यूशनवर बरीच घासाघीस झाली. कागदावर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं, पण फिल्मवर मजकूर ४८ पट लहान आहे, म्हणजे फिल्मवर १४,४०० डीपीआय लागतात. कागदावरचं अडीच मिलिमीटरचं अक्षर तिथे मिलिमीटरच्या वीसाव्या भागाएवढं असतं. एजन्सीनं आधी निम्म्या रिझोल्यूशनचा दर दिला होता. नमुन्याच्या फिशवर दोन्ही करून दाखवल्यावर ३ आणि ८ यांतला फरक निम्म्यावर पुसला जातो हे त्यांनीच मान्य केलं.

मग आकडे वाचायचं काम. लाइन प्रिंटरचा ठसा एकसारखा, सगळी अक्षरं कॅपिटल, त्यामुळे चांगल्या फिशवर ओसीआर, म्हणजे कॉम्प्युटरनं अक्षरं ओळखणं, बरं चाललं. गडद फिशवर माणसांनी प्रतिमा पाहून टाइप केलं. खरी मदत मात्र लेजरनंच केली. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक वर्गणी, अधिक व्याज, वजा काढलेली रक्कम, बरोबर अखेरची शिल्लक. आणि हीच अखेरची शिल्लक पुढच्या वर्षाच्या फिशवर सुरुवातीला पुन्हा छापलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज, प्रत्येक विभागाच्या शेवटी कंट्रोल टोटल. १९८९-९० पासून पुढची काही वर्षं व्याजाचा दर १२ टक्के ठाम होता, त्यामुळे त्या वर्षांचं व्याज पडताळणं सोपं गेलं. एखादा आकडा वाचता आला नाही तरी तो किती असायला हवा हे बहुतेक वेळा गणितानं सांगितलं. १.१६ टक्क्यांचा रकानाही पगाराच्या प्रमाणातला, म्हणून तोही तपासता आला. ऐंशीच्या दशकात ज्यानं तो रिपोर्ट लिहिला त्या प्रोग्रामरला दुवा द्यावा इतकी ती मांडणी नीट होती.

हिशेबानं भरलेला प्रत्येक आकडा वेगळ्या रंगात ठेवला, वाचलेल्यात मिसळला नाही. यावर मी अडून बसलो होतो. पेन्शन ऑफिसला ‘दिसतं’ आणि ‘निघतं’ यांतला फरक कळायलाच हवा.

ट्रस्टच्या वकिलांनी एक मुद्दा घातला, जो आमच्या लक्षात आला नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते देणाऱ्याला उद्या कुणी आव्हान दिलं तर स्कॅन कशाशी ताडून पाहायचा? म्हणून स्कॅन झाल्यावर मूळ फिश नष्ट करण्याचं एजन्सीच्या करारातलं कलम त्यांनी काढून टाकायला लावलं.

सगळ्याची ओली सिल्व्हर प्रत काढणं टाळलं. फक्त शेवटच्या काही वर्षांच्या अखेरच्या शिल्लक-यादीची प्रत काढायची, एवढी तडजोड त्या विश्वस्तांशी झाली.

निष्पत्ती

फिशचा फार मोठा भाग वाचता आला. वरच्या कप्प्यातला ट्रे सगळ्यात कठीण गेला, तरी करड्या छटांच्या प्रतिमेत कॉन्ट्रास्ट ताणून बरंच निघालं. दिव्याखाली काळ्या पडलेल्या चौकटींपैकी काही पूर्ण गेल्या. त्यांत दोन अनुक्रमणिकेच्या चौकटी होत्या. ते साहजिक होतं. फिश लावली की पहिल्यांदा तिथेच थांबायचं आणि शोधत बसायचं. त्या दोन फिशची अनुक्रमणिका पानं चाळून नव्यानं केली.

अर्जांपैकी बहुतेकांना ट्रस्टनं प्रमाणित उतारे दिले आणि त्यांच्या आधारानं आधीच्या नोकरीची नोंद लागली. ज्यांची पानं नेमकी गेलेल्या चौकटींत होती, त्यांच्यासाठी शेजारच्या वर्षांच्या शिल्लकेवरून जोडलेला हिशेब आणि टाइम ऑफिसची रजिस्टरं पाठवली. त्यातले काही अर्ज हे लिहिताना प्रलंबित आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

कोरडी फिल्म निवडणं हीच मूळ चूक, असं बैठकीत एकदा म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. तिचं अपेक्षित आयुष्य पीएफच्या लेजरला पुरून उरणारं आहे, आणि बुरशीच्या बाबतीत तिनं जुन्या रोलना मागे टाकलं. घोळ झाला तो नोंदीचा. ‘सिल्व्हर’च्या पुढे ‘उष्णतेनं प्रोसेस केलेली’ असं कुणी लिहिलं असतं, तर ट्रे पत्र्याखाली ठेवणाऱ्याला निदान विचारावंसं तरी वाटलं असतं. ब्युरोच्या डिलिव्हरी चलनावर फिल्मचा प्रकार छापलेला असणार. ती चलनं बिलं फेडल्यावर रद्दीत गेली.

दुसरी संधी डायझोची होती. डायझो फिके पडू लागले तेव्हा, नव्वदच्या दशकात, मूळ संच अजून स्वच्छ होता आणि नवे डायझो काढून देणारे ब्युरो चालू होते. त्याऐवजी मूळ फिशच रीडरवर लावायला सुरुवात झाली. चौकोनी डाग तेव्हाचे. एकदा कॉम्प्युटरवर चालू वर्षाची लेजर ऑनलाइन दिसायला लागली, की जुन्या फिशवर खर्च करायला कोण तयार होणार? कुठल्याही ऑफिसात झालं असतं तेच झालं.

प्रयोगशाळेच्या चाचणीबद्दल वर लिहिलंच आहे. तपासणीला पाठवताना ‘हायपो किती’ याऐवजी ‘ही फिल्म कुठल्या प्रकारची’ असं विचारलं असतं, तर त्याच खर्चात योग्य उत्तर मिळालं असतं. प्रश्न एजन्सीनं लिहून दिला होता आणि ट्रस्टनं तो तसाच पुढे पाठवला.

आणि सगळ्याची ओली प्रत काढायला हवी होती की नाही, यावर त्या विश्वस्तांचं आणि माझं आजही जमत नाही. त्यांच्या मते डिजिटल फायली पंधरा वर्षांत कुणी उघडू शकणार नाही. माझ्या मते मूळ फिश थंड राहिल्या तर त्याच पुरेशा आहेत, आणि तो पैसा एसीच्या बिलाला ठेवावा.

हे तपासण्यासाठी नमुन्याच्या फिशचे तुकडे दोन ठिकाणी ठेवले आहेत, एक थंड खोलीत आणि एक मुद्दाम जुन्या शेडमध्ये. दर वर्षी मेनंतर दोन्हींची पार्श्वभूमी डेन्सिटोमीटरवर (फिल्मचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून नोंदवहीत लिहायची आहे. ट्रस्ट विसर्जित झाल्यावर ती नोंदवही आणि खोलीची किल्ली कुणाकडे जाईल, हे अजून ठरायचं आहे. कंपनीच्या कायदा विभागानं प्रलंबित अर्ज संपेपर्यंत खोलीचा खर्च उचलायचं लेखी कबूल केलं आहे, त्यापुढचं नाही.